घरात समुद्र बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत (पूर्णा तालुक्यापुरती)

पूर्णेहून समुद्र रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरहून लांब. देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्री झोपून तो बघून येता येतो आणि बहुतेक शहाणी माणसे तेवढ्यावर थांबतात. ज्यांना समुद्र बैठकीतच हवा, टीव्हीच्या शेजारी, निळ्या दिव्याखाली, त्यांनी पुढे वाचावे.

आधी कायदा. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहे, म्हणजे कागदोपत्री तो वाघाच्या पंगतीला बसतो. गुन्हा शाबित झाला तर तीन ते सात वर्षे. तेव्हा रीफ टँकमधून आधी रीफ, म्हणजे प्रवाळच, वजा करावा. उरतात काचेची टाकी, खारे पाणी, कृत्रिम खडक, सगळी गल्ली ज्याला ‘निमो’च म्हणणार असा एक नारिंगी मासा आणि एक कोळंबी. खरे मार्गदर्शन या कोळंबीसाठी आहे. मासा निभावून नेतो.

मीठ लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो. किराणा दुकानातले नको. समुद्रात लिटरमागे मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम चारशेच्या वर, स्ट्रॉन्शियम आठ आणि आयोडीन नावापुरते असते. हे सगळे योग्य मापात घातलेली गोणी मुंबईहून मागवावी. किंमत घरात सांगू नये.

आता पाणी. इथे पूर्णेकराला वाटते की आपण जिंकलो. कॅल्शियमचीच गरज असेल तर आपल्या बोअरला काय कमी? कूलरच्या जाळीवर उन्हाळाअखेर जो पांढरा थर बसतो, बोटाने खरवडला की पापुद्रा निघतो, तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच. प्रवाळ आपला सांगाडा याच द्रव्याने वर्षानुवर्षे रचतो. आपला गिझर तेच काम एका हंगामात उरकतो. तरीही बोअरचे पाणी टाकीत घालू नये, कारण त्यात नायट्रेट काय, जस्ती पाइपातले जस्त काय, बरेच पाहुणे असतात. नळाचे घ्यावे तर त्यात टीसीएल पावडर पडलेली. जारचे थंड पाणी माणसासाठी ठीक, पण टीडीएसचा पेन बुडवला की आकडा दिसतोच. टाकीला आकडा शून्य लागतो. त्यासाठी आरओला पुढे आणखी एक रेझिनची नळी जोडावी. वाया जाणारे पाणी भांड्यांना वापरावे, म्हणजे घरात निदान भांडी तरी आपल्या बाजूची राहतात.

मे महिन्यात टाकी २६ अंशांवर आणि बाहेर ४३. चिलर लागेल. लाइट गेली की इन्व्हर्टर पंख्याला की पंपाला, हा निर्णय आधीच लेखी घेऊन ठेवावा.

सर्वांत नाजूक प्रकरण तांब्याचे. कोळंबीच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते, त्यामुळे तिला ते लागते. पण मोकळ्या समुद्रात ते लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅमही भरत नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक म्हणते की ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत उत्तम आणि दुसरी सोयच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्या. म्हणजे समुद्राच्या तीन हजार पटींहून जास्त. माणूस सोसतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचे तांब्याचे औषध त्याच्या कितीतरी खाली, ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास, काम करते आणि तेवढ्यातच कोळंबी आटोपते. म्हणून कृषी सेवा केंद्रातल्या मोरचुदाची पुडी टाकीच्या खोलीत ठेवू नये. बोर्डो मिश्रण फवारून आलेला हात, धुतलेला असला तरी, पाण्यात घालू नये. पितळी तोटी बदलावी. नदी दिसली की नाणे टाकणारे पाहुणे टाकीपासून चार हात लांब बसवावेत.

हे सगळे पाळूनही तांबे वाढतच असेल, तर आजीकडे चौकशी करावी.

“आरं, पाणी आटलंय म्हणून घातलं की रोज तांब्याभर. घागरीतलंच हाय, चांगलं रातभर ठिवलेलं.”

इथे आवाज चढवू नये. आजीचे निम्मे शास्त्र अचूक आहे: टाकीतून पाणी उडते, मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. कित्येक जाणते शौकीन इथे खारे पाणी ओतून फसतात. चूक फक्त घागरीची. आजीला प्लास्टिकचा मग द्यावा. ती घेणार नाही.

तपासणी दोन प्रकारची. घरी थेंबांचे किट: कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारता. थेंब मोजत रंग पालटेपर्यंत थांबायचे; गुलाबीचा निळा नक्की कधी झाला यावर नवरा-बायकोचे एकमत होत नाही, म्हणून सरासरी घ्यावी. क्षारता उतरली तर चुन्याची निवळी थेंबथेंब सोडावी. मायक्रोग्रॅममधले तांबे मात्र या किटच्या नजरेत येत नाही. त्यासाठी नमुना आयसीपी यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. या छंदातल्या नावाजलेल्या प्रयोगशाळा जर्मनीत आहेत. नळी टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळावी. कुरिअरवाला “यात काय आहे?” विचारेल. “पाणी” म्हटल्यावर तो पुन्हा विचारेल.

याच सुमारास घरातले कोणीतरी म्हणेल की आपण पितो ते बोअरचे पाणी शेवटचे कधी तपासले? परभणीला भूजल सर्वेक्षणाची प्रयोगशाळा आहे, तिथे फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या आत आहे का, नायट्रेट ४५ च्या आत आहे का, हे कळते. जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. प्रश्न रास्त असला तरी या मार्गदर्शनाच्या कक्षेत बसत नाही. कोळंबीला बोअरचे पाणी द्यायचे नाही, हे वर सांगितलेलेच आहे.