एक फायबर, दोन ओट्या: शेजारजोडणीची शास्त्रोक्त पद्धत

गावात फायबर आलं की पहिला प्रश्न वेगाचा नसतो. ‘शेजाऱ्यांनी घेतलंय का?’ हा असतो. घेतलं असेल तर आपण कशाला घ्यायचं, हा दुसरा. आणि त्यांचं आपल्याकडे कसं आणायचं, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चहाच्या टपरीवर मिळतात. तिसऱ्यासाठी मात्र आजवर एकही पुस्तिका निघालेली नाही. टोकावडे, वैशाखरे, मोरोशी, सरळगाव या पट्ट्यातल्या गरजू कुटुंबांसाठी ती उणीव इथे भरून काढत आहोत. शहापूरकरांनीही वापरायला हरकत नाही.

पात्रता

दोन्ही घरांची सध्या बोलचाल असावी. नसेल तर आधी ती सुरू करावी, निदान वायर ओढून होईपर्यंत. बांधावरून कोर्टात तारखा चालू असतील तर निकाल लागेपर्यंत मोबाइल डेटावर भागवावं. ज्यांच्या घरी कनेक्शन आहे त्यांना ‘दादा’, ‘वहिनी’ म्हणायला आतापासून सुरुवात करावी. रिचार्ज संपायच्या आदल्या दिवशी एकदम सुरू केलं तर संशय येतो.

गणित

केंद्राच्या दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. आधी ५१२ केबीपीएस असले तरी ब्रॉडबँड म्हणवून घेता येत होतं, आता किमान २ एमबीपीएस लागतात. म्हणजे ३० एमबीपीएसचा प्लॅन पंधरा घरांत वाटला तरी कागदोपत्री अख्खी आळी ब्रॉडबँडवरच. कनेक्शन आपल्या घरी असेल तर शेजाऱ्याला हे शांतपणे समजावून सांगावं. त्याला पंधरावा हिस्सा द्यावा, बाकीचे चौदा आपल्याकडे ठेवावेत, आणि भारत-पाकिस्तान मॅचच्या रात्री ओटीवर बसू नये.

कृती, बिनवायरची

सगळ्यात स्वस्त मार्ग पासवर्ड सांगण्याचा. तो चालेल की नाही हे भिंतींवर अवलंबून. कुडाची भिंत वाय-फायला फारशी अडवत नाही. कारवी आणि शेणमातीतून सिग्नल वाट काढतो. घरकुल मंजूर झालं, विटांच्या भिंती उठल्या, वर स्लॅब पडला, की तोच सिग्नल उंबऱ्यात थबकतो. मधे पत्र्याची शेड असेल तर तिथूनच माघारी फिरतो. विकासाचा हा एक तोटा कुठल्याही योजनेच्या माहितीपत्रकात छापलेला नाही.

मग शेजारचा मुलगा आपल्याच ओटीवर येऊन बसतो. ‘काकी, एक फॉर्म भरायचाय फक्त.’ दुसऱ्या दिवशी चार्जर घेऊन येतो. तिसऱ्या दिवशी मित्राला घेऊन. चौथ्या दिवशी काकीच त्याच्या आईला सांगतात, ‘अगं, त्याच्यापेक्षा वायरच ओढून घ्या.’ शेजारजोडणीचा जन्म असा होतो.

कृती, कापाकापीची

इथे जुन्या जाणत्यांना आवरावं लागतं. केबल टीव्हीच्या काळात त्यांनी हातभर कोएक्सियल केबल सोलून, मधे स्प्लिटर घालून तीन घरांना मालिका दाखवलेल्या असतात. फायबर पाहिलं की त्यांचा हात शिवशिवतो. पण आत तांबं नाही, काच आहे. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो ९ मायक्रॉनचा. भोवतीच्या काचेसकट १२५ मायक्रॉन. ही काच ब्लेडने तासून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळायचा प्रयोग ज्यांना करायचाच असेल त्यांनी खुशाल करावा. घरातल्या फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकायला लागला की प्रयोग पूर्ण झाला असं समजावं. वायरचं टोक डोळ्याला लावून ‘प्रकाश येतोय का’ असं बघणाऱ्या आबांना मात्र लगेच थांबवा. तो प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो. माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही असं होत नाही.

हुशार मंडळी ऑनलाइन एकास दोन ऑप्टिकल स्प्लिटर मागवतात. त्याने प्रकाश निम्मा होतो आणि पॉवर मीटरवर साडेतीन डीबीच्या आसपास घट दिसते. लाइनमनच्या बोलीत, ‘मायनस बावीस’ येत होती ती ‘मायनस साडेपंचवीस’ झाली. मायनस सत्तावीसच्या पलीकडे बहुतेक डबे मान टाकतात, तेव्हा अजून जमण्यासारखं आहे असं वाटतं. अडचण एकच. प्रत्येक डब्याचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रात नोंदवलेला असतो आणि न नोंदवलेल्या डब्याशी ते यंत्र बोलत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरी आपला अर्धा प्रकाश रात्रंदिवस पोचत राहतो, नेट मात्र थेंबभरही पोचत नाही.

गंमत अशी की कंपनीही हेच करते, फक्त रीतसर. एक फायबर स्प्लिटरने ३२ नाहीतर ६४ घरांत फोडायचं आणि वरून येणारे जेमतेम अडीच जीबीपीएस त्या सगळ्यांत वाटायचे, ही जीपॉन नावाची व्यवस्थाच आहे. खांबावरच्या काळ्या पेटीत आळीची वाटणी आधीच होऊन गेलेली असते. आपण शेजाऱ्याला देतो तो वाटणीतल्या हिश्शाचा हिस्सा.

कृती, राजमार्गाची

उरली लॅनची वायर. साहित्य: बाहेर लावायची काळ्या वेष्टनाची कॅट-६ वायर, दोन कनेक्टर, क्रिम्पिंगची पकड, एक शिडी आणि शिडी धरायला शेजारी. वायर अस्सल तांब्याची घ्यावी. निम्म्या भावात मिळते ती अॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. पहिल्या पावसाळ्यात ती सांध्यात कुजते. सलग लांबी १०० मीटरच्या आत हवी, हा तांब्याचा नियम आहे आणि तो कुणाच्या ओळखीने वाढत नाही.

गल्ली ओलांडताना उंची ही सगळ्यात नाजूक बाब. खालून पेंढ्याने भरलेला टेम्पो गेला पाहिजे. उंची आषाढात मोजू नये, झोडणी झाल्यावर मोजावी, आणि पेंढ्यावर बसलेल्या माणसासकट मोजावी. त्याच गल्लीतून वरात जात असेल तर डीजेच्या गाडीवरचे स्पीकरही हिशेबात धरावेत. महावितरणच्या खांबाला आणि सर्व्हिस वायरला आपली वायर बांधू नये. हे वाक्य गमतीत लिहिलेलं नाही.

इतकं सगळं नीट जमलं की मे महिन्याच्या शेवटी माळशेजच्या अंगाला ढग जमतात. दोन घरांची अर्थिंग वेगळी असते, किंवा एकाची असते आणि दुसऱ्याची नसतेच. जवळपास वीज पडली की क्षणभर दोन घरांच्या जमिनीत प्रचंड व्होल्टचा फरक पडतो, आणि तो फरक मिटवायला विजेला सोयीचा रस्ता आपणच टांगून ठेवलेला असतो. राउटर, सेट टॉप बॉक्स, थोरल्याचा लॅपटॉप, एका कडाडण्यात सगळं जातं. दोन्ही घरांत जातं. वेगाच्या वाटपात कधी न जमलेली समानता इथे साधते.

म्हणून दोन घरांच्या मधे तांबं नेऊ नये, काच न्यावी. या लेखातला हा सगळ्यात उपयोगी सल्ला आहे, त्यामुळे तो फारसा कुणी पाळणार नाही. पाळणाऱ्यांसाठी तपशील असा: एका घरात एक आणि दुसऱ्या घरात एक मीडिया कन्व्हर्टर, मधे एका कोरची ड्रॉप केबल. कन्व्हर्टर जोडीने मिळतात, एक ए आणि एक बी. एक ज्या रंगाचा प्रकाश सोडतो तो दुसऱ्याने वाचायचा असतो. दोन्ही ए आणले तर दोघेही बोलतात आणि ऐकत कुणीच नाही, ज्याची गावाला सवय आहे. ड्रॉप केबलमधे ताणासाठी पोलादी तार असते, ती घराबाहेरच तोडून थांबवावी, नाहीतर काच नेऊन उपयोग काय? टोकाची जोडणी लाइनमनकडून स्प्लाइसिंग मशीनवर करून घ्यावी. हिरवं कनेक्टर हिरव्यात, निळं निळ्यात घालावं.

दोन डबे, एक घर

शेजाऱ्याकडे जुना राउटर पडलेला असतो. तो आपली वायर त्याच्या लॅन पोर्टमधे खुपसतो आणि अर्ध्या तासात दोन्ही घरांचं नेट वेड्यासारखं वागू लागतं. कारण सोपं आहे. फोनला पत्ता द्यायचं काम राउटर करतो आणि आता दोन्ही डबे स्वतःला घराचा कर्ता समजतात. एकाने दिलेला पत्ता दुसऱ्याला मान्य नसतो. त्यात दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. उपाय दोन: वायर वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमधे घालून शेजारच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करावा, किंवा वायर आहे तिथेच ठेवून त्या डब्यातलं पत्ते वाटणारं डीएचसीपी बंद करावं आणि त्याला १९२.१६८.१.२ करावं. थोडक्यात, धाकट्याने धाकटं राहावं. हे राउटरला पटकन पटतं. शेजाऱ्याला समजावताना ‘धाकटा’ हा शब्द वापरू नये.

हिशेब

निम्मे-निम्मे असं तोंडी ठरवू नका. आपल्या डोक्यावरच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या राणी नागनिकेच्या तिथल्या शिलालेखात यज्ञांमधल्या दानाचा हिशेब ब्राह्मीत, आकड्यांसकट कोरलेला आहे: किती गायी, किती कार्षापण. दोन हजार वर्षं उलटली, ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणायला अजून कुणी आलेलं नाही. घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजणही पाहून या. ज्याच्या दारातून माल जातो त्याने काहीतरी घ्यायचं, ही या भागातली प्रथा आपण शोधलेली नाही.

पैसे यूपीआयने घ्यायला हरकत नाही. याच पट्ट्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं, तेव्हा परंपरा आहेच. पण नेट बंद असताना नेटचे पैसे यूपीआयने मागू नयेत. शेजारी ‘नेट नाहीये दादा’ म्हणेल आणि ते खरं असेल.

पैसे थकले की वाय-फायचं नाव बदलायची पद्धत आहे. ‘आधी पैसे द्या’ असं नाव आळीतल्या प्रत्येक फोनवर दिसतं आणि दवंडीचा खर्च वाचतो. समोरचाही गप्प बसत नाही. त्याच्या हॉटस्पॉटचं नाव ‘शिडी परत करा’ असं होतं. इथवर आल्यावर तंटामुक्त समितीची आठवण होते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, तेव्हा बांध, वाट, पाणी हे तंटे माहीत होते. बफरिंग नव्हतं. एकाचं म्हणणं, ‘आमचं बंद पडतं तेव्हा ह्यांचं चालू कसं?’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘ह्यांच्या पोरानं रात्रभर गेम डाउनलोडला लावली.’ दोघंही खरं बोलत असतात, हा या प्रकरणाचा मोठा दोष.

कायदा

कनेक्शन ज्याच्या आधारवर आहे, त्या वायरीतून जे काही होईल त्याची पहिली विचारणा त्यालाच होते. शेजारच्या भाच्याने कुणाला फसवलं तरी चौकशीत आयपी अॅड्रेस आपला निघतो. पोलीस ठाणं टोकावड्यातच असल्यामुळे निदान जाण्यायेण्याचा खर्च नाही. शिवाय ग्राहकाने कनेक्शन पुढे वाटू वा विकू नये, असं कलम कंपन्यांच्या फॉर्ममधे बारीक अक्षरात असतं. तो फॉर्म आपण सही करताना वाचलेला नसतो. कंपनी तो नेमका नको तेव्हा वाचते.

हे सगळं वाचूनही ज्यांना जोडणी करायचीच आहे, त्यांच्यासाठी शेवटची पद्धत. दोन घरांनी दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं आपापल्या नावावर घ्यावीत, आपापला रिचार्ज आपण भरावा. मधली काच राहू द्यावी. एकाकडे लाल दिवा लागला की तेवढ्या दिवसापुरतं दुसऱ्याचं वापरावं, आणि तेही विचारून. महिन्याला चारपाचशे जास्त जातात, पण वर्षभराच्या कुरबुरीपेक्षा हे स्वस्त पडतं. फक्त पैसे भरण्याआधी दोन्ही कंपन्यांच्या माणसांना एक प्रश्न विचारा: तुमची केबल कुठल्या खांबावरून येते? दोघांनी एकाच खांबाकडे बोट दाखवलं, तर रस्त्याच्या कामावरचा जेसीबी दोन्ही कनेक्शनं एका फावड्यात तोडेल.