सोप्पंय गं, काही नाही त्यात

रायगडातल्या आमच्या तळे गावात कुणाही बाईला एखाद्या पदार्थाची कृती विचारली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सोप्पंय गं, काही नाही त्यात." त्यानंतर त्यात काय काय नाही, ते ऐकायला अर्धा तास लागतो. त्यात नारळ असतो, गूळ असतो, हळदीचं पान असतं, आदल्या रात्री भिजत घातलेलं काहीतरी असतं आणि मधूनच धाकट्या जावेची एक जुनी कागाळी असते. कागाळी वगळून कृती मिळत नाही. कारण त्या जावेने एकदा मीठ शेवटी घातलं, ते नीट मिसळलंच नाही, आणि पाहुण्यांपैकी नेमकं व्याह्यांच्या ताटात ते एका जागी गेलं. तेव्हापासून त्या घरात मीठ आधी घालतात. पुस्तकात नुसतं "मीठ घालावे" एवढंच छापलेलं असतं, व्याह्यांचं तोंड कसं झालं ते नसतं. म्हणून पुस्तक वाचणारा मीठ विसरतो आणि ही गोष्ट ऐकलेली सून विसरत नाही.

मापांचं तर विचारूच नये. "पीठ किती घेऊ?" "आपल्याला लागेल तेवढं." "पाणी?" "मावेल इतकं." "शिजायला किती वेळ?" "वास येईल ना!" शहरातून आलेल्या नव्या सुनेला वाटतं, ही मुद्दाम लपवतेय. तसं नसतं. नव्या तांदळाचं पीठ पाणी कमी घेतं, जुन्याचं जास्त घेतं. श्रावणातली काकडी पाण्याने भरलेली असते, भाद्रपद सरता सरता तीच जून होते. घरात या आठवड्यात कुठला तांदूळ दळून आणलाय आणि काकडी कुठल्या वेलीची आहे, हे सांगणारीला ठाऊक नसतं. मग एक वाटी म्हणून कशी सांगणार? "मावेल इतकं" हेच तिच्या दृष्टीने खरं माप.

छापील मापांशी आमचं वैर आहे असं मात्र नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या हिशेबाने स्वयंपाक शिकवत घरोघर पोहोचलं. माहेरून निघालेल्या किती मुलींच्या सामानात ते गेलं असेल, देव जाणे. त्याच्याही आधी, 1875 मध्ये, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' छापलं गेलं होतं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या पाकपुस्तकांपैकी एक पुस्तक पुरुषाने लिहिलं, याचं मला नवल वाटत नाही. जी रोज चुलीपुढे बसते तिला त्यात लिहिण्यासारखं काही दिसतच नसणार. काही नाही ना त्यात!

ही न लिहिण्याची खोड आमच्याकडे जुनीच आहे. मुंबई-गोवा महामार्ग इंदापूरला सोडून आत वळलं की आमचं तळं लागतं. 1999 मध्ये माणगावातून वेगळा काढलेला हा छोटा तालुका. डोक्यावर तळगड, खाली मांदाडची खाडी आणि तिच्या जवळ कुड्याची लेणी. डोंगरात कोरलेली ती 26 लेणी कुणाकुणाच्या दानातून झाली ते तिथल्या भिंतींवरच लिहिलंय. त्यात वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. भिक्षूंच्या पात्रात भात कुणाच्या घरचा पडायचा, त्याचा मात्र लेख नाही. पंचक्रोशीतल्या कुणा बाईला विचारलं असतं तर तीही तेव्हाच्या भाषेत म्हणाली असती, त्यात काय कोरायचंय?

आमच्याकडचे बरेचसे पदार्थ हौसेपेक्षा अडचणीतून निघालेत, असं माझं मत आहे. अडचणी दोनच. एक, घरात काहीतरी नाही. दुसरी त्याहून मोठी: घरात काहीतरी भलतंच जास्त झालंय. कोकणात निसर्ग एरवी हात आखडता घेतो आणि मग एका पंधरवड्यात सगळं अंगावर ओततो. मे महिन्यात बरक्या फणसाखाली झाड वाकतं. कापा फणस लोक मागून नेतात, बरक्याला कुणी विचारत नाही. घरातली मुलं पहिल्या दिवशी भांडून खातात, तिसऱ्या दिवशी फणसाचं नाव काढलं की पळतात. माशा घोंगावायला लागतात. अशा वेळी कुणीतरी वैतागून तो रस तांदळाच्या रव्यात कालवला असेल आणि वाफेला ठेवला असेल. झाली सांदणं. आंब्याचं तेच. सोसेनासा झालेला रस ताटांना तूप लावून उन्हात वाळवला की साठं होतात. रातांब्याच्या साली रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवल्या की आमसुलं होतात. गणपतीत मोदकांचं सारण संपतं आणि उकड उरते, तर तिच्यात मिरची, जिरं, कोथिंबीर मळून निवगऱ्या करतात. आमच्या घरी निवगऱ्यांसाठी इतकी ओढाताण असते की सारण मुद्दाम कमी केलं जातं, असा मला दाट संशय आहे.

सांदणांवरून आठवलं. आमच्या भागातल्या कोकणी मुसलमान घरांतही सांदणं होतात, पण ती पांढरीशुभ्र, नारळाच्या दुधातली, फणसाचा संबंध नाही. लहानपणी ईदेला शेजारून आलेलं सांदण बघून मला वाटलं, यांचा फणस अजून पिकला नाही वाटतं. शेजारच्या खाला आमच्या पिवळ्या सांदणाला "फणसाचा केक" म्हणायच्या. दोन्हीकडच्या बायकांना आपलंच सांदण खरं वाटे आणि दोन्हीकडचे डबे कधी रिकामे परत जात नसत. कृतींची देवाणघेवाण मात्र कुंपणावरच्या गप्पांतून सारखी चाले. रवा किती बारीक असावा यावर दोघींचं एकमत होतं. फक्त तो त्यांच्या मते त्यांच्याच जात्यावर काढलेला हवा, आमच्या मते आमच्याच.

आता "सोप्पंय" या शब्दाखाली काय दडलेलं असतं ते एकदा बघू. सांदणांची कृती फोनवर अशी येते: "रस घ्यायचा, रवा, गूळ घालायचा, वाफवायचं, झालं." यातला "रस घ्यायचा" म्हणजे काय? अंगणात गोणपाट पसरायचं, हाताला आणि विळीला खोबरेल चोपडायचं, नाहीतर चीक चार दिवस निघत नाही. फणस फोडायचा, एकेक गरा सोडवायचा, त्यातली आठळी काढायची. बुळबुळीत गरे चाळणीवर घालून तळव्याने चोळत राहायचं, की खाली रस पडतो आणि वर दोरे राहतात. दोरे गाईला, आठळ्या धुऊन राखेत. त्या पावसाळ्यात भाजीला होतात. एवढं सगळं झाल्यावर जो पातेलंभर रस हातात येतो, तिथून कृती सुरू होते! कमरेला आलेला बाक तिच्यात धरत नाहीत. नारळ खवणं, तांदूळ धुऊन वाळवणं, रवा काढणं, चूल सारवणं, हे तर बोलायचंसुद्धा नाही.

याच्या उलट पोपटी बघा. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या रायगडात शेतावर पोपटी लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी पुरुष लावतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे हवे तर बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे, पुन्हा पाला आणि तोंड त्याच पाल्याने घट्ट बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, काटक्या, पालापाचोळा रचून पेटवायचा. अर्धा तास जाळ. शिजली की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चुर्र होऊन ते क्षणात उडालं की झाली. कृती म्हणून बघाल तर ही इथली सगळ्यात सुटसुटीत कृती: चिरणं नाही, वाटणं नाही, फोडणी नाही, भांडं घासणं नाही. पण पोपटी लावणाऱ्या कुणाच्या तोंडून "सोप्पंय" ऐकलंय का? छे! तिथे चार जण जाळाकडे बघत उभे असतात, पाचवा काठीने निखारे सारतो, सहावा गेल्या वर्षीची पोपटी कशी करपली ते सांगतो, आणि सगळ्यांचं एकमत असतं की हे कुणालाही जमण्यातलं काम नाही, त्याला हात लागतो. पाला आणि शेंगा सकाळी तोडून, निवडून आणलेल्या असतात. कुणी, ते विचारू नका. पोपटी चविष्ट लागते याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. भांबुर्ड्याचा तो उग्र वास शेंगेत उतरतो तसा दुसऱ्या कशाने उतरत नाही.

खरोखर सोपा म्हणावा असा पदार्थ मला विचाराल तर पानगी. अवेळी कुणी आलं, घरात भाजी नाही, तेल तळाला गेलंय, तरी पानगी होते. तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ, भिजवायला दूध किंवा ताक. काळं पडत चाललेलं एखादं केळं असेल तर तेही कुस्करून थोड्या गुळाबरोबर आत. पीठ सरबरीत हवं. परसातलं केळीचं पान कापून त्याला तुपाचं बोट लावायचं, पीठ हातानेच पातळ पसरायचं, वर दुसरं पान ठेवून तव्यावर टाकायचं. खालचं पान तपकिरी पडून त्याच्या कडा वळायला लागल्या की उलटायची. पान अलगद सुटलं तर पानगी झाली. ओढावं लागलं तर अजून ठेवायची, जबरदस्ती करायची नाही. घड्याळ बघायची गरज नाही, पानच सांगतं.

मुंबईत गेलेल्या मुलांची पंचाईत इथेच होते, त्यांच्याकडे पान नाही. गणपती-शिमग्याला गावी येऊन खाल्लेलं त्यांना मधेच एखाद्या रविवारी आठवतं आणि कळव्याहून, नालासोपाऱ्याहून आयांना फोन लागतात. "आई, हळदीचं पान नाहीये, बटर पेपर चालेल का?" आई बटर पेपर म्हणजे काय ते विचारत नाही, "चालेल की" म्हणते. "नारळाऐवजी डब्यातलं दूध?" "चालेल." "तांदळाच्या रव्याऐवजी इडली रवा?" "तोही तांदळाचाच ना बाबा." संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. आई फोटो मोठा करून बघते, शेजारणीला दाखवते, दोघी एकमेकींकडे बघतात, आणि उत्तर जातं: "छान दिसतंय." गावच्या सुनेने इतका फरक केला असता तर महिनाभर चर्चा झाली असती. पोराने निदान गॅस पेटवला, यातच सगळं आलं.

मला या मुलांचं कौतुक वाटतं, आणि त्यांनी केलेले बदल बाटवाबाटवी आहेत असंही वाटत नाही. ज्या बाईने पहिल्यांदा फणसाच्या रसात रवा घातला तिनेही हाताशी होतं तेच घातलं होतं. एका भाचीने काकडीऐवजी परदेशातल्या हिरव्या झुकिनीची तवसळी केली आणि बरी झाली म्हणाली. तिथल्या लोकांच्या परसात म्हणे उन्हाळ्यात झुकिनी इतकी होते की शेजारी दार लावून घेतात. ऐकून मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

तेव्हा तवसळीच सांगते. वेलीवर नजर चुकवून राहिलेली, जून, पिवळी पडलेली मोठी काकडी म्हणजे तवसं. सोलायच्या आधी एक तुकडा चाखून बघा, कडू असेल तर सगळं वाया जाईल. मधल्या जाड बिया काढा, किसा, आणि किस अजिबात पिळू नका, त्या पाण्यावरच सगळा खेळ आहे. तांदळाचा रवा तुपावर जरासा भाजून त्यात मावेल इतका घाला. गूळ, ओलं खोबरं आणि मीठ. मीठ आत्ताच. अर्धा तास झाकून ठेवा म्हणजे रवा फुगेल. मग जाड बुडाच्या पातेल्यात हळदीचं पान घालून त्यावर ओता, मंद आच, वर झाकण. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत. आता पाऊण तासाने सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की गॅस बंद. गरम असताना कापू नका, चुरा होतो. पूर्ण निवली की वड्या पाडा आणि वर लोणी घ्या, तूप नको. दुसऱ्या दिवशी याच वड्या तव्यावर तूप सोडून दोन्हीकडून लाल केल्या तर आदल्या दिवशीपेक्षा चांगल्या लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी चार वड्या डब्यात घालून फडताळात मागच्या बाजूला ठेवाव्यात आणि घरात कुणाला सांगू नये.