पित्तकाकू

सोसायटीत कुणाला दिवस गेले की ती बातमी आधी नवऱ्याला कळते, मग सासूला आणि तिसऱ्या नंबरावर पित्तकाकूंना. कधीकधी हा क्रम उलटाही असतो. लिफ्टमध्ये एखाद्या सुनेने कुणाच्या तरी घरच्या फोडणीच्या वासाने नाकाला ओढणी लावली, की काकूंची नजर तिच्या चेहऱ्यापासून चपलेपर्यंत एक फेरी मारून येते. उंच टाचा जाऊन सपाट चपला आल्या असतील तर निकाल लागला. काकू मात्र बोलत नाहीत. त्या फक्त विचारतात, "काय गं, घशाशी येतं का?"

काकूंचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुरियरवाल्याखेरीज कुणी वाचत नाही. आमच्या डोंबिवलीत अशी एक बाई प्रत्येक इमारतीत असते. फरक असतो तो खात्याचा. कुणाकडे मुलांचे दात, कुणाकडे नजर काढणं, कुणाकडे सांधे. आमच्या काकूंकडे पित्त, आणि त्यातही गरोदर बाईचं पित्त. सर्दी-पडसं घेऊन गेलात तर त्या पहिल्या मजल्यावरच्या आजोबांकडे पाठवतात. आपल्या विषयाबाहेर त्या एक अक्षर बोलत नाहीत. एवढी शिस्त मी भल्याभल्या डॉक्टरांत पाहिलेली नाही.

गेल्या वर्षी माझी भाची बाळंतपणासाठी माझ्याकडे आली आणि मला काकू जवळून पाहायला मिळाल्या. सातवा महिना नुकताच लागला होता. रात्री जेवून आडवी झाली की पोरगी उठून बसायची. छातीत आग, तोंडात आंबट पाणी, ढेकर अर्ध्यात अडकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काकू हजर. कुणी बोलावलं नव्हतं. खांद्याला कापडी पिशवी. त्यातून एकेक वस्तू निघाली: जुन्या हॉर्लिक्सच्या बरणीत साळीच्या लाह्या, स्टीलच्या चपट्या डबीत मोरावळा, दुसऱ्या डबीत भाजलेली बडीशेप, आणि एक नॅपकिन, जो त्यांनी आधी टेबलावर अंथरला. भाचीला त्यांनी खुर्चीत ताठ बसवलं आणि तपासणी सुरू केली.

पहिला प्रश्न पित्ताचा नव्हताच. "बांगड्या दाखव." भाचीने हात पुढे केला. काकूंनी बांगडी मनगटावरून वर-खाली सरकवून पाहिली. "घट्ट झाल्यात का आठवड्यात? डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काजवे? इथे, उजव्या बरगडीखाली?" सगळ्याला नाही म्हटल्यावरच लाह्यांच्या बरणीचं झाकण उघडलं. पुढे हे मी भाचीच्या डॉक्टरबाईंना सहज सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पाच महिने उलटल्यावर रक्तदाब वाढून होणाऱ्या त्रासात पोटाच्या वरच्या भागात दुखतं, आणि कित्येक बायका त्याला पित्त समजून घरात बसून राहतात. सोबत डोकेदुखी, नजर धूसर होणं, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज असं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काकू हे कुठे शिकल्या ते त्या सांगत नाहीत. विचारलं की विषय बदलतात.

बाकी बाबतीत काकूंचं शास्त्र त्यांचं स्वतःचं आहे. जगातल्या सर्व वस्तू त्यांच्या मते दोनच प्रकारच्या, उष्ण आणि थंड. शेवगा उष्ण, कोहळा थंड, बाजरी उष्ण, ज्वारी थंड. सेक्रेटरी उष्ण, त्यांची बायको थंड. गर्भ मुळात उष्ण, म्हणून आईला जळजळ, संपलं. डॉक्टरबाईंचं म्हणणं वेगळं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं, ते गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवतं आणि त्याच झपाट्यात अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही सैल करतं. गेटवरचा वॉचमन पेंगायला लागला की आतलं बाहेर यायला कितीसा वेळ? त्यात शेवटच्या तीन महिन्यांत वाढलेलं गर्भाशय जठराला खालून वर रेटतं. मी हे सगळं काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेच की. उष्णता."

गंमत अशी की कारण चुकलं तरी काकूंचा उपाय बहुतेक वेळा बरोबर निघतो. एकदम पोटभर खाऊ नको, दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खा. जेवताना तांब्याभर पाणी ढोसू नको, मधल्या वेळात पी. जेवल्यावर निदान दोन-तीन तास आडवी होऊ नको. तळण, झणझणीत रस्सा, चहा-कॉफी कमी कर. पोटावर नाडी आवळू नको. रात्री मऊ भात, मेतकूट, तूप. जळजळ सुरू झाली तर घोट घोट थंड दूध, किंवा लाह्या भिजवून गाळलेलं पाणी. झोपताना डावी कूस. यातल्या एकाही वाक्यावर डॉक्टरबाईंनी काट मारली नाही. डाव्या कुशीला त्यांनी कारणही दिलं: जठराची ठेवणच अशी की डावीकडे झोपलं तर आतलं आम्ल झडपेच्या पातळीखाली राहतं, उजवीकडे झोपलं की वर चढतं.

दोन ठिकाणी मात्र काकूंचा मोठा पराभव झाला. एक, सोडा. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, वर लिंबू, फसफसलं की गटकन प्यायचं, हा त्यांच्या सासूचा वारसा. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजिबात नाही. त्यात सोडियम भरपूर, गरोदरपणात अंगात पाणी धरतं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या फसफसणाऱ्या पुड्यांचंही तेच. अ‍ॅसिडिटीचं कुठलंही औषध विचारल्याशिवाय नको. दुसरा पराभव ज्येष्ठमधाचा. घशाला चांगलं म्हणून काकू तो तुकडा सतत चघळायला लावतात. पण त्यातलं ग्लिसिरायझिन पोटातल्या बाळाला जास्त प्रमाणात बरं नाही; ज्येष्ठमधाच्या गोळ्या आवडीने खाणाऱ्या फिनलंडमध्ये सरकारी आरोग्य संस्था गरोदर बायकांना त्या टाळायला सांगते. काकूंनी फिनलंड कुठे आहे ते विचारून घेतलं. तिकडे बर्फ असतो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग त्यांना थंड पदार्थ कसा मानवेल?"

लोहाच्या गोळ्यांवर त्यांचा खास राग. "त्या गोळीनेच आग होते, बंद कर." निदान अर्धं बरोबर, लोहाने पोट जळजळतं, बद्धकोष्ठही होतं. पण सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक आम्ल 180 दिवस देतात ते हौस म्हणून नाही. गोळी बंद करायची नसते, डॉक्टरला विचारून वेळ किंवा प्रकार बदलायचा असतो. आणि कॅल्शियमची गोळी, चहा, अ‍ॅसिडिटीचं औषध यांच्याबरोबर ती घेतली तर लोह अंगी लागत नाही. हे भाचीने सांगितल्यावर काकूंनी तिच्या चहाचा कप उचलून स्वतःच पिऊन टाकला.

काकूंना इमारतीत प्रतिस्पर्धी आहे. चौथ्या मजल्यावरची एक तरुणी दिवसभर रील्स बघते आणि संध्याकाळी सल्ले वाटते. जळजळ होते? सफरचंदाचं व्हिनेगर घे. पेपरमिंटचा चहा घे. पेपरमिंट तीच झडप आणखी सैल करतं, आणि आगीवर व्हिनेगर ओतायची कल्पना काकूंना इतकी अशुभ वाटली की त्या आठवडाभर चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली तरी बाहेर बघत नसत.

खरं कसब दिसलं ते पलंगाच्या वेळी. उश्यांची चळत करून झोपलं तर कमरेत घडी पडते, पोट उलट दाबलं जातं. पलंगाची डोक्याकडची बाजूच सहा-आठ इंच उचलायला हवी. हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी जावयाला शेजारच्या रिडेव्हलपमेंटच्या साइटवर पिटाळलं. आयटीतला जावई, तो लॅपटॉपच्या बॅगेत दोन विटा घेऊन आला आणि दाराशी उभा राहून घामाघूम झाला. मग कळलं की आमच्या पलंगाला पायच नाहीत. खाली सामान भरायचा खण असलेला बॉक्स बेड, जमिनीला चिकटलेला. काकूंनी एक क्षण विचार केला, माझ्या कपाटाकडे पाहिलं, आणि मी वीस-बावीस वर्षं जपलेले दिवाळी अंक गठ्ठ्यांनी बाहेर काढले. डोक्याकडे जाड विशेषांक, कमरेकडे पातळ, अशी उतरंड रचून वर गादी टाकली. त्या रात्री भाची सलग पाच तास झोपली. मराठी साहित्याचा इतका थेट परिणाम मी आयुष्यात पाहिलेला नाही. एका संपादकांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, आमचा अंक कुठल्या बाजूला होता?

डोहाळजेवणात मात्र काकूंचा तोल जातो. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, बर्फी की पेढा हे सगळं झालं, पानं मांडली, आणि महिनाभर "थोडं थोडं खा" म्हणणाऱ्या काकू भाचीच्या पानासमोर बसल्या. मसालेभात, अळूवडी, कांदाभजी, जिलेबी, वर मठ्ठा. "घे गं, दोन जिवांची आहेस. आजच्या दिवशी नाही म्हणायचं नसतं." तिचं पान रिकामं होईना, काकूंचा हात थांबेना. शेवटची भजी पानात पडली आणि त्याच हाताने त्यांनी पिशवीतून बडीशेपेची डबी काढून शेजारी ठेवली. रोग आणि औषध एकाच बाईने वाढल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि जावळ. जळजळ जितकी जास्त तितकं बाळाला जावळ दाट, यावर काकूंचा वेदवाक्यासारखा विश्वास. आम्ही हसायचो. मग भाचीला एक जुना अभ्यास सापडला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 64 गरोदर बायकांच्या जळजळीची नोंद ठेवली आणि नंतर बाळांच्या डोक्यावरचे केस तिसऱ्याच लोकांना तपासायला दिले. 28 जणींना मध्यम ते तीव्र जळजळ होती; त्यातल्या 23 जणींच्या बाळांना बेताचे किंवा त्याहून दाट केस. जळजळ मुळीच नसलेल्या 12 जणींपैकी 10 जणींची बाळं विरळ केसांची नाहीतर टकली. 2006 साली हे छापून आलं, आणि निकाल आमच्या अपेक्षेविरुद्ध लागला असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं. झडप सैल करणारी आणि केस वाढवणारी संप्रेरकं बहुधा एकच असावीत, असा त्यांचा तर्क. भाचीने हे काकूंना वाचून दाखवलं. काकूंच्या चेहऱ्यावर आश्चर्याची रेषा नाही. म्हणाल्या, "चौसष्ट बायका कशाला बसवून ठेवल्या? मला एकटीला फोन करायचा."

भाचीला मुलगी झाली. डोक्यावर चार केस. मी मुद्दाम काकूंना बोलावून दाखवलं. त्यांनी दुपटं बाजूला करून बाळाचं डोकं निरखलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही लाह्यांचं पाणी जास्त दिलंत."

आता माझं मत सांगते. काकू जिथे जिथे जातात तिथे त्यांचा मोरावळा आनंदाने ठेवून घेतला जातो. बडीशेप, जिऱ्याचं पाणी, गुलकंद, सगळ्याचं स्वागत. कारण ते सगळं सुनेने करायचं असतं आणि सुनेनेच गिळायचं असतं. पण काकूंचा सर्वांत गुणकारी उपाय, म्हणजे तिचं रात्रीचं जेवण साडेसातला उरकणं, मी आमच्या इमारतीत एकाही सासरी अमलात आलेला पाहिला नाही. तिथे अडचणी सुरू होतात. सासऱ्यांच्या बातम्या असतात, सासूबाईंची मालिका असते, मुलगा साडेनऊच्या गाडीने उतरतो, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर दहाला सून बसते, पावणेअकराला ओटा पुसते आणि अकराला आडवी होते. मग रात्री बारा वाजता घरातले सगळे विचारतात, हिला एवढं पित्त कशाने होतं? काकू हे सगळं जाणतात. म्हणून त्या संध्याकाळी सातला एखाद्या घरी "सहज" येऊन बसतात, सुनेला ताट वाढायला लावतात, तिच्यासमोर गप्पा मारत बसतात आणि तिचं जेवून झालं की उठतात. सासूला वाटतं काकू फार चिकट आहेत.

तुमच्या घरात पोटुशी सून किंवा लेक असेल, तर काकूंची वाट बघू नका. सोडा डब्यात राहू द्या, गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, डोकेदुखी-सूज दिसली तर थेट दवाखाना गाठा, आणि तिला साडेसातला जेवू घाला. ज्याला साडेनऊला यायचंय त्याने आपलं ताट आपण गरम करून घ्यावं, आणि जेवून झाल्यावर ओटाही पुसावा.