आधी ताट, मग ओटीपी

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा, म्हणजे टीएचआर, घ्यायचा तर गरोदर बाईला आधी आपला चेहरा पटवून द्यावा लागतो. सेविका ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर तिचा फोटो काढते आणि तो आधारवरच्या फोटोशी जुळला तर पाकीट मिळतं. त्याआधी ई-केवायसी, त्यासाठी ओटीपी. मोबाइल घरात एकच असतो आणि तो नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असतो. डोंगरातल्या पाड्यांवर तर रेंजसाठी टेकाड चढावं लागतं. पोटुशी बाई घरी रिकाम्या हाताने परतते आणि सेविकाताईंनाच बोल लागतो.

सरकार म्हणतं, गळती थांबवायची आहे. जरूर थांबवा. पण गळती कुठे होते ते या राज्याला ठाऊक आहे. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावलं होतं. तरीही महाराष्ट्रात २०१६ मध्ये अशा निविदा निघाल्या की खरेखुरे बचत गट त्यांच्या अटींतच अडकून पडावेत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. हजारो कोटींचा तो मामला होता. त्यात एकाही गरोदर बाईचा हात नव्हता. मग चेहरा तिचाच का तपासायचा?

आता दर पाहा. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेमागे साडेनऊ, तीव्र कुपोषित मुलामागे १२. हे आकडे २०१७ चे. पुढची सात वर्षं तेल, डाळ, गॅस सगळं महागलं, आकडे जागचे हलले नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तेव्हा ठरवलं होतं, मुलाच्या पोटात रोज या आहारातून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं गेली पाहिजेत. एका अंड्यात प्रथिनं साधारण सहा ग्रॅम. दोन अंडी ८ रुपयांत कुठल्या बाजारात मिळतात, ते अर्थखात्याने सांगावं. दोन अंडी बसत नाहीत म्हणून एकही द्यायचं नाही, हा तर शुद्ध अन्याय आहे.

याच राज्यात एक चांगली गोष्टही घडली आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. २०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत रोज एक वेळचा चौरस आहार: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. शिजवणारी सेविका आणि मदतनीस गावातल्याच. देखरेखीला गावातली आहार समिती, तिच्यातही बायाच. पाकीट घरी गेलं की ते सासू, दीर, पोरं, पाहुणे सगळ्यांत वाटलं जातं आणि सून शेवटी जेवते. अंगणवाडीत पाटावर बसून जेवलेलं जेवण मात्र तिच्याच पोटात जातं. शेजारणी समोर जेवत असतात, वजनकाटा बाजूला असतो, चार गोष्टी बोलल्या जातात. सूज आलेले पाय सेविकेच्या नजरेला पडतात. याहून पक्की पडताळणी कुठल्या अ‍ॅपने केली आहे?

आणि नेमक्या याच योजनेचे पैसे उशिरा येतात. निधी अडकला की सेविका गावच्या दुकानात उधारी करते. आधी ताटातून अंडं जातं, मग पालेभाजी, आणि शेवटी पातळ वरण-भात उरतो. दुकानदार हात आखडतो तेव्हा तोंड सेविकेला द्यावं लागतं, मंत्रालयाला नाही. ज्या बाईला आपण पूर्ण पगारही देत नाही, नुसतं मानधन देतो, तिच्या उधारीवर राज्याचं पोषण चालवायचं ही लाजेची गोष्ट आहे. डिसेंबर २०२३ पासून पन्नास दिवसांहून अधिक काळ याच बायका संपावर होत्या. त्याआधी २०२१ मध्ये त्यांनी सरकारचे निकृष्ट मोबाइल परत केले होते. तेव्हा ऐकलं असतं तर आज चेहऱ्यांच्या या गोंधळात पडलो नसतो.

अमृत आहार सुरू होतो शेवटच्या तिमाहीत. पहिले सहा महिने बाळ वाढत नाही का? शिवाय योजना आदिवासी भागापुरती. बीडची ऊसतोड करणारी बाई सातव्या महिन्यातही मोळ्या उचलते, तिला हे ताट नाही.

पैशांच्या मदतीचंही तेच. २०१३ चा तोच अन्नसुरक्षा कायदा प्रत्येक मातेला किमान ६ हजार रुपये देतो. मातृवंदना योजना पहिल्या बाळंतपणाला ५ हजार देते. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६ हजार, मुलगा झाला तर काही नाही. म्हणजे आईची नऊ महिन्यांची भूक नवव्या महिन्यानंतर, बाळ पाहून ठरवायची.

परिणाम समोर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची होती. २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्के, दशांशाचाही फरक नाही. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा राज्यातले पहिले दोन प्रकल्प होते धारावी आणि मेळघाटातलं धारणी. पन्नास वर्षं झाली. पावसाळा आला की मेळघाटच्या बालमृत्यूंची बातमी अजून येते.

ट्रॅकर ठेवाच, पण त्याचा रोख फिरवा. कुठल्या अंगणवाडीच्या खात्यात या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला पडले, किती दिवस उशीर झाला, दुकानाची उधारी किती थकली, हे त्याच पडद्यावर गावाला दिसू द्या. पैसे महिनाभर आगाऊ द्या. ताट गरोदरपणाची नोंद झाल्या दिवसापासून द्या आणि ते राज्यभर, उसाच्या फडावरही द्या. एखाद्या जिल्ह्याचे पैसे थकले तर त्याच आठवड्यात महिला व बालविकास खात्याच्या सचिवांनी लेखी कारण द्यावं, आणि ते अंगणवाडीच्या दारावर लावावं.