उतार बघून लावलेली गाडी

कळवण तालुक्यात घरच्या गाडीची जन्मतारीख आरसी बुकात बघत नाहीत, कांद्याच्या भावावरून काढतात. "ही कधी घेतली?" असं विचारलं, तर समोरचा साल सांगत नाही. "चाळीतल्या उन्हाळ कांद्याला चार हजारांच्या वर भाव लागला होता ना, तेव्हाची," म्हणतो. म्हणजे २०१३ चा पावसाळा. त्या वर्षी ज्यांनी चाळ फोडायची घाई केली नाही, त्यांच्या दारात दिवाळीला चारचाकी उभी राहिली. काहींच्या दारात ती अजून उभीच आहे, कारण ती सुरू होत नाही.

आमचे नाना या पिढीतले. असा एक नाना दर गल्लीत असतो. कुठे त्याला आबा म्हणतात, कुठे अण्णा. गाडी २००४ ची, डिझेल, घेतली तेव्हाच जुनी. कागदावर सात माणसांची, लग्नसराईत अकरा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आता तिच्यात कंपनीचं असं फारसं उरलेलं नाही. रेडिएटर मालेगावचा, सेल्फ सटाण्याच्या भंगारातला, सीट अभोण्यात शिवलेल्या. तरी नाना म्हणतात, "ओरिजिनल आहे. एका हातावर चाललेली."

मीटर दोन लाख सत्याऐंशी हजारांवर थांबलंय. त्याची केबल तुटली ती तुटली. नानांनी ती मुद्दाम बसवली नाही असं लोक म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं. मीटर थांबल्यापासून त्यांच्या हिशेबी गाडीचं वय वाढलेलं नाही.

सेल्फचा मात्र भरवसा नाही, आणि नानांचं सगळं भूगोलाचं ज्ञान त्यातूनच आलंय. दुसऱ्याला कळवण सपाट दिसतं, नानांना ते उतारांचं गाव दिसतं. बाजार समितीत कुठे लावायची, बस स्थानकाजवळ कोणत्या बाजूला तोंड करायचं, बँकेसमोर चाकाखाली केवढा दगड घालायचा, सगळं पाठ. लग्नाची पत्रिका आली की ते मुहूर्त नंतर वाचतात, आधी विचारतात, "कार्यालयाला उतार आहे का?" एकदा देवळ्यात एका नव्याकोऱ्या लॉन्सवर गेले. पार्किंग काचेसारखं सपाट. नाना त्या यजमानाला अजून माफ करू शकलेले नाहीत. "एवढा खर्च केला, पण माणसांची सोय बघितली नाही," म्हणतात.

उतार नसला तर माणसं लागतात. नाना खाली उतरत नाहीत, काच खाली करतात. काच खाली करायचं हँडल सगळ्या दारांत मिळून एकच. ते कप्प्यातून काढायचं, हव्या त्या दाराला लावायचं, फिरवायचं आणि परत ठेवायचं. एवढं होईपर्यंत चार पोरं आपसूक जमलेली असतात. "काय व्हयनं, नाना?" "काही नाही रे भो, जरा हात लाव." दुसरा गिअर, दाबलेला क्लच, पोरांचा जोर, क्लच सुटतो, एक हिसका बसतो आणि मागे काळा धूर. पोरं धुरात खोकत उभी असतात, तोवर नाना वळणाच्या पलीकडे. थांबून आभार मानायची सोय नाही. थांबलं तर पुन्हा ढकलावी लागेल.

खरी परीक्षा सप्तशृंगी गडाची. नांदुरीपासून वर घाट सुरू झाला की तापमानाचा काटा गाडीच्या आधी गडावर पोचतो. त्यावर नानांचा उपाय एकच, आतला हिटर पूर्ण उघडायचा. यात अंधश्रद्धा काही नाही. इंजिनातलं गरम पाणी हिटरच्या जाळीतून फिरतं, पंखा तिथली उष्णता आत फेकतो, तेवढं इंजिन निवतं. शास्त्र बरोबर आहे. फक्त बाहेर मे महिना असतो, आत सगळं घर बसलेलं असतं, आणि काच उघडायचं हँडल एकच असतं. नानी पदराने वारा घेत देवीचं नाव घेतात. ती भक्ती घाटापुरती जास्त खरी असते.

चैत्राच्या यात्रेत मात्र खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटी सोडतात. नाना तिथे पोलिसाशी पाच मिनिटं हुज्जत घालतात, "आपली गाडी टॉप गिअरवर जाते साहेब," वगैरे. साहेब ऐकणार नाहीत याची खात्री असल्याने आवाज चांगला लागतो. मग नाना सगळ्यांना एसटीत बसवतात आणि वर जाईपर्यंत एसटीच्या इंजिनाला नावं ठेवतात.

मुलगा नाशिकला नोकरीला. त्याच्या गाडीला चावी नाही, बटण आहे. तो दर दिवाळीला म्हणतो, "नाना, आता भंगारात द्या." २०२१ साली सरकारने भंगार धोरण आणलं तेव्हा त्याने एक माणूसही आणला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि किलोचा भाव सांगितला. जन्मभर क्विंटलवर बोललेल्या माणसाला किलोचा भाव! त्याला चहा मिळाला नाही, एवढं सांगितलं की कळवणच्या माणसाला समजेल.

मुलगा मग कागदपत्रांवर येतो. २०१९ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण सहाशे रुपयांत झालं होतं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारला ती फी पाच हजार झाली, म्हणून २०२४ ला पाच हजार गेले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला दहा हजार आहेत, म्हणजे २०२९ ला दहा. पर्यावरण कर वेगळा. नाना शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "सहाशेचे पाच, पाचाचे दहा. भाव सारखा वाढतोय, आणि तू विकायला सांगतोस?"

नाना गाडी का विकत नाहीत, हे मला हे उत्तर ऐकून कळलं. भाव वाढत असताना माल काढायचा नाही, एवढं एकच सूत्र २०१३ ने नानांना शिकवलं. तसं वर्ष परत आलं तर नवीन गाडी घेऊ, असं ते कबूलही करतात. दरवर्षी चाळ भरतात, दरवर्षी थांबतात. एखाद्या वर्षी निर्यातबंदी येते, एखाद्या वर्षी अवकाळी, आणि त्या पैशात जेमतेम क्लचप्लेट बसते. नानांना चिक्कू म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. माणूस चिक्कू असता तर त्याने या गाडीवर एवढा खर्च केलाच नसता.

तुम्ही कधी कळवणहून नाशिकच्या वाटेला असाल आणि नानांनी गाडी हळू करून बोलावलं, तर अवश्य बसा. गप्पा चांगल्या होतात, पैसे घेत नाहीत. फक्त मागे डावीकडे बसू नका, ते दार आतून उघडत नाही. आणि पायात बूट असू द्या. चपलेने ढकलताना पाय घसरतो.