सहापेडी संकट

लगामाच्या रंगाबद्दल घोड्याचं काही म्हणणं नसतं. त्याला निळा आणि पिवळा तेवढे नीट कळतात. तांबडा आणि हिरवा त्याच्या लेखी एकच मातकट भानगड. तेव्हा टेक्सासात आमच्या लेकीच्या घरी लगामाच्या रंगावरून जी सर्वपक्षीय बैठक बसली, तिला घोडा सोडून बाकी सगळे हजर होते, हे रीतीला धरूनच झालं. ज्याच्या गळ्यात दोर पडणार त्याला विचारायची पद्धत आपल्याकडेही नाही.

घोडा नातीचा. म्हणजे स्वार ती, खर्च जावयाचा आणि धास्ती आजीची. कॅलिफोर्नियातले जुने मेक्सिकन गुराखी, ज्यांना व्हाकेरो म्हणतात, त्यांच्या पद्धतीने घोडा शिकवायचं वेड नातीने घेतलं आहे. त्यात सुरुवातीला घोड्याच्या तोंडात लोखंड घालत नाहीत. नाकाडावरून कच्च्या कातड्याची विणलेली मोरकी जाते, ती बोसाल. आणि हनुवटीखाली तिला गुंडाळून बांधलेलं साधारण २२ फुटांचं अखंड चऱ्हाट, ती मेकाटी. तिचाच वेढा घोड्याच्या मानेवरून येतो, तो लगाम. उरलेलं टोक स्वार कमरेच्या पट्ट्यात खोचतो, खाली उतरल्यावर घोडा धरायला. एकाच दोरात लगाम आणि दावं. ही काटकसर मला फार भावली, किंमत कळेपर्यंत.

हे दोर मुळात घोड्याच्याच आयाळीच्या केसांचे वळत, अजूनही वळतात. ते टोचरे असतात आणि त्यांचं टोचणंच कामाचं. मानेला दोर घासला की घोडा पलीकडे वळतो. पण तो स्वाराच्या तळव्यालाही टोचतो. म्हणून नातीला हवं होतं मोहेअर. मोहेअर म्हणजे अंगोरा शेळीचे केस. (अंगोरा लोकर मात्र सशाची. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचं आहे.) मूळची तुर्कस्तानातल्या अंकाराकडची ही शेळी १८४९ साली अमेरिकेत आली आणि पुढे टेक्सासच्या खडकाळ माळावर अशी रमली, की रॉकस्प्रिंग्ज नावाचं गाव स्वतःला अंगोरा शेळ्यांची जागतिक राजधानी म्हणवतं. केस महिन्याला इंचभर वाढतात, वर्षातून दोनदा हजामत. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला गहिवरून यावं अशी गोष्ट तर पुढेच आहे. सैन्याच्या गणवेशाला लोकर कमी पडू नये म्हणून १९५४ साली अमेरिकन सरकारने अनुदान सुरू केलं, त्यात मोहेअरही बसवलं. पुढे सैन्याने कृत्रिम धागा धरला, अनुदान चालूच. ते बंद करायचा कायदा १९९३ साली झाला. फाइल कुठल्याही देशात आपल्याच चालीने चालते.

मोहेअरचा दोष एकच, तो रंग फार छान घेतो. मूळचा पांढरा, त्यात अंगची चकाकी. ज्या रंगात बुडवाल तो दुप्पट तेजाने वर येतो. दोर वळणाऱ्या बाईंनी रंगांचं कार्ड आणि नमुन्याचा तुकडा टपालाने पाठवला आणि घरातली शांतता गेली. आमच्या सौभाग्यवतींनी कार्ड उचललं आणि लक्ष्मी रोडच्या दुकानातून शालू हातात घेऊन तडक रस्त्यावर यावं, तशा त्या अंगणात गेल्या. दिव्याच्या उजेडात रंग फसवतो यावर त्यांची श्रद्धा आहे. परत आल्या त्या डाळिंबी, आमसुली आणि मोरपंखी अशी निवड करूनच. काळ्याला त्यांनी हातही लावला नाही. "जनावराच्या अंगावर पहिल्यांदा चढणार, त्यात काळा कशाला?"

मी तो नमुन्याचा तुकडा घेऊन बसलो. हातभर लांब, अर्ध्या इंचाहून जरा जाड, सहापेडी. एकेक पेड आधी एका अंगाने पिळलेला आणि मग सगळे मिळून उलट अंगाने वळलेले. दोन पीळ एकमेकांना ओढून धरतात म्हणून दोर उसवत नाही. टोक जरा उलगडून सोडलं तर आपसूक मिटलं. नक्षीची सगळी करामत पेडांच्या क्रमात. पाच पेड तपकिरी आणि एक पांढरा घेतला, तर बारीक रेघ दोराला वेढे घालत चढत जाते. तीन पांढरे शेजारी ठेवले तर रुंद पट्टे; एकाआड एक ठेवले तर सगळा दोर ठिपकेदार.

जावईबापू संगणकातले. त्यांनी लगेच तक्ता मांडला. सहा पेड, दोन रंग: दोर फिरवून तोच दिसणारा नमुना एकदाच धरला, तर प्रकार बारा. "बारा म्हणजे ठीक आहे, बाबा," ते म्हणाले. मग सौभाग्यवतींचे तीन रंग घातले. एक्क्याण्णव. आणि हे तीन रंग आधी ठरले आहेत असं धरून. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि काळा-राखाडी घेऊन टाकू, मळखाऊ असतो, असं सुचवलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

लेकीचं म्हणणं, घोड्यावर उठून दिसेल असं काही घ्या. घोडा सब्जा आहे, राखाडी अंगावर फिकट चांदण्या. नातीला गुलाबी हवा होता. तिच्या बापाने तिला परंपरा समजावली: जुने दोर काळे, तपकिरी, पांढरे, म्हणजे आयाळीचेच रंग, गुलाबी आयाळीचा घोडा कोणी पाहिला आहे? नात म्हणाली, "परंपरेत मुलीपण कमी होत्या." यावर बैठकीत कोणी बोललं नाही.

मी खानदेशचा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तो लहानपणापासून पाहिलेला. तिथे माणसं घोड्याचे दात बघतात, चाल बघतात, पंचकल्याणी आहे का ते बघतात. भोवरा चुकीच्या जागी निघाला म्हणून ठरलेला सौदा मोडतो. लगामाच्या रंगावरून मोडलेला सौदा मी पाहिलेला नाही. हे मी बोलून दाखवलं आणि जोडीला सुंभाचा भाव विचारला. मला चहा ठेवायला पाठवण्यात आलं.

आत चहा उकळत असताना बाहेर डाळिंबी, राखाडी आणि पांढरा अशी तडजोड झाली. एक्क्याण्णवांतला एक नमुना सर्वांनी मान्य केला, नातीने मान फिरवून. लेकीने बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, घोडा किती वर्षांचा?

पाच.

मग हा राखाडी राहायचा नाही, बाई म्हणाल्या. सब्जा घोडा जन्मतो गडद आणि वर्षागणिक उजळत जातो. चांदण्या येतात आणि विरूनही जातात. दहाएक वर्षांचा होईतो तो बहुतेक पांढराशुभ्र झालेला असेल. नीट वापरलीत तर मेकाटी तोवर टिकेल. तेव्हा पांढऱ्या घोड्याच्या हिशेबाने निवडा.

जावईबापूंनी तक्ता पुन्हा उघडला. लेकीने घाईने विचारलं, पांढऱ्यावर काय उठून दिसेल? बाई म्हणाल्या, काहीही. सौभाग्यवती कार्ड शोधू लागल्या.

"गुलाबीसुद्धा?" नातीने फोनमध्ये तोंड घालून विचारलं.

गुलाबी तर फारच छान, बाई म्हणाल्या. आणि तुमच्या आधी बऱ्याच जणांचे दोर वळायचे आहेत, तेव्हा अगदी सावकाश ठरवा. हे शेवटचं त्यांनी आमच्या घराला सांगायला नको होतं.