मेटलकाका

काळ्या टी-शर्टला इस्त्री करून रॉक कॉन्सर्टला निघालेला माणूस दिसला, की तो मेटलकाका आहे असं खुशाल समजावं. टी-शर्टवर कवटी असते, कवटीच्या खोबणीतून जाळ निघत असतो आणि बाहीची घडी मात्र मुंजीला जायला हरकत नाही इतकी कडक. वय पन्नाशीच्या आसपास. हुद्दा डिलिव्हरी मॅनेजर किंवा तत्सम, म्हणजे नेमकं काय करतात ते घरात कुणालाच सांगता येत नाही असा. वस्ती कोथरूड, बाणेर, ठाणे नाहीतर डोंबिवली. कॉलेजात खांद्यावर रुळणारे केस आता स्थलांतर करून हनुवटीला आलेले. दर मोठ्या ऑफिसात एक आणि दर दोन सोसायट्यांमागे एक, असं यांचं प्रमाण असावं.

मेटलकाका घडले ते नव्वदच्या दशकात. १९८६ साली मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं आणि धोबीतलावचं रंगभवन हे या पंथाचं आद्यपीठ ठरलं. उघडं नाट्यगृह, शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, आसपास इस्पितळं, आणि मधोमध पोरांचा धुडगूस. कॅसेट काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून एकाने घ्यायची आणि बाकीच्या सात जणांनी तिच्यावरून उतरवून घ्यायची, हा रिवाज. (हे दुकान २०१६ साली बंद झालं त्या दिवशी काकांनी डबा खाल्ला नाही.) या जमातीचं मुखपत्र ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ १९९३ साली निघालं तेही अलाहाबादहून. काशीयात्रेहून परतताना आजी ज्या गावचं गंगाजल आणायची, त्याच गावाहून नातवाला गिटारवाल्यांच्या मुलाखती येत.

घरात मात्र दुसराच धर्म. वडील सवाई गंधर्ववाले. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या त्या महोत्सवाला दर डिसेंबरात सतरंजी, मफलर, थर्मास घेऊन रमणबागेत जायचं आणि रात्रभर बसून सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी घरी यायचं. मुलाच्या खोलीतून येणारा आवाज ऐकून ते विचारत, “हे गाताहेत की भांडताहेत?” या प्रश्नाविरुद्ध मेटलकाकांनी तरुणपणी बंड केलं. दाराला कडी लावली, भिंतीवर पोस्टर लावलं, स्पीकरचा आवाज वाढवला. आणि मग तीस वर्षांत सावकाश, स्वतःच्याही नकळत, ते अंगोपांगी आपल्या वडिलांसारखे झाले.

सवाईतला जुना श्रोता नव्याला पहिलं वाक्य ऐकवतो ते “अमक्यांची तोडी तुम्ही ऐकलीच नाहीत” हे. मेटलकाकाही कुणाच्या आवडीनिवडी विचारत नाहीत, हजेरी विचारतात. “दोन हजार सातला बंगलोरला होतास?” १७ मार्च २००७. पॅलेस ग्राउंड्स. आयर्न मेडन. ही तारीख काकांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. पुण्याहून रात्रीच्या बसने निघालेल्या पोरांनी कोल्हापूरच्या थांब्यावर मिसळ खाल्ली होती आणि तिचे परिणाम मैदानावर भोगले होते, पण आता त्या आठवणीलाही तेज आलं आहे. तेव्हा परदेशी मेटल ऐकायचं तर बंगलोर गाठावं लागे. मुंबईचा बाप्पा, पंढरीचा विठोबा आणि बंगलोरचं पॅलेस ग्राउंड्स, अशी दैवतांची वाटणीच झाली होती.

पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ला, मेडननी जगाच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईत बीकेसीच्या मैदानावर केली. गायक ब्रूस डिकिन्सन हा व्यवसायाने वैमानिकही. बँड, वाद्यं आणि सामानसुमान भरलेलं बोइंग ७५७ तो स्वतः चालवत आला होता. काका हा किस्सा पाहुण्यांना सांगतात तेव्हा आवाज चढतो, हात पंखांसारखे पसरतात. काकूंनी एकदाच शांतपणे विचारलं होतं, “मग विमान उतरवून हा लगेच गायला उभा राहतो, आणि तुम्ही पुण्याहून गाडी चालवत आलात तर दोन दिवस पाठ धरून बसता?” तेव्हापासून किस्सा काकू स्वयंपाकघरात असतानाच सांगितला जातो.

हजेरीपटात एक पान काळ्या चौकटीचंही आहे. ऑक्टोबर २०११मध्ये मेटालिका प्रथमच भारतात आले. २८ तारखेला गुरगाव, ३०ला बंगलोर. मित्रांच्या टोळीत उभी फूट पडली. शहाणे बंगलोरला गेले. एक जण मात्र मेहुण्याकडे राहायची सोय होते, म्हणून विमानाने दिल्लीला गेला. गुरगावला रंगमंचापुढच्या कठड्यांचा घोळ झाला, कार्यक्रम आधी लांबणीवर पडला, चिडलेल्या गर्दीने स्टेजची मोडतोड केली आणि मग तो रद्दच झाला. बंगलोरचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे रंगला. दिल्लीला गेलेल्या मित्राचा उल्लेख टोळीत आजही हळू आवाजात होतो. तो बिचारा मेहुण्याशी अजून धड बोलत नाही.

‘गन्स अँड रोझेस’ला तर काकांनी दोनदा हजेरी लावली. २०१२च्या डिसेंबरात ते मुंबईत आले तेव्हा गिटारवादक स्लॅश बँडमध्ये नव्हता. २०१६ साली तो परतला आणि मे २०२५मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर त्याच्या टोपीसकट दिसला. या दोन्ही कार्यक्रमांची काकांनी केलेली समीक्षा एका वाक्याची आहे: “तेव्हा स्लॅश नव्हता, आता माझे गुडघे नव्हते.”

जे बँड आलेच नाहीत, त्यांच्यासाठीही काकांकडे सोय आहे. क्वीन फ्रेडी मर्क्युरीच्या हयातीत भारतात कधी वाजले नाहीत, पण हा फ्रेडी म्हणजे फारोख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा आयुष्यातला पहिला बँड त्याने तिथेच मित्रांबरोबर काढला. त्यामुळे महाबळेश्वरची सहल निघाली, की घरच्यांचा डोळा स्ट्रॉबेरी-क्रीमवर आणि काकांचा शाळेच्या फाटकावर. फाटकापाशी उभं राहून ते एक फोटो काढवून घेतात. मुलगी दर वेळी विचारते, “बाबा, मागच्या वर्षीचा चालणार नाही का?” “आपल्या सातारा जिल्ह्याचा पोरगा,” असं काका त्याच्याविषयी म्हणतात. जन्म झांजिबारचा, कारकीर्द इंग्लंडमधली, हे तपशील त्यांना गौण वाटतात.

अशा माणसावर कोल्डप्लेचं तिकीट काढायची वेळ यावी हा दैवदुर्विलास. पण मुलीचा हट्ट होता. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बाराला विक्री सुरू होणार होती. घरातले सगळे फोन, दोन लॅपटॉप आणि शेजाऱ्यांचं वायफाय मिळून दिवाणखान्यात वॉर-रूम थाटली गेली. आजी म्हणाली, “पितृपंधरवड्यात कसली रे खरेदी?” काका म्हणाले, “खरेदी नाही गं, नुसतं रांगेत उभं राहायचंय.” बाराच्या ठोक्याला संकेतस्थळाने मान टाकली आणि ती पुन्हा उचलली तेव्हा रांगेतला नंबर लाखांच्या घरात होता. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं बघता बघता उडाली. दोन कार्यक्रमांवर तिसरा जाहीर झाला, तोही संपला. काही तासांत दुसऱ्याच ठिकाणी त्याच तिकिटांचे भाव लाखांत बोलले जाऊ लागले. आजीच्या फोनवर मात्र तिकिटं लागली होती. तिने चष्मा नसल्यामुळे काहीच न करता फोन नुसता धरून ठेवला होता. इतरांनी धीर सुटून रिफ्रेशचं बटण दाबलं होतं.

जानेवारीतल्या कार्यक्रमाच्या रविवारी काका आणि मुलगी पुण्याहून बसने नेरुळला उतरले. डी. वाय. पाटील स्टेडियमजवळच्या थांब्याला ‘एलपी’ म्हणतात, हा शुभशकुन आहे असं काकांनी मुलीला सांगितलं. एलपी म्हणजे काय, हे तिला आधी समजवावं लागलं. फाटकावर झडती. पाण्याची बाटली गेली, पॉवर बँक गेली. पहारेकऱ्याने खिशातली बामची डबी काढून उघडली, हुंगली, पुन्हा हुंगली आणि सहकाऱ्याला बोलावलं. “ये क्या है, अंकल?” काकांना झडतीचं काही वाटलं नाही, अंकलचं वाटलं. तिथून पुढे सीटपर्यंत ते पोट आत घेऊन चालले.

आत आल्यावर मनगटाला चमकणारे पट्टे मिळाले, ते जाताना परत करायचे होते. “रॉकला परतीची भांडी नसतात,” असं काका पुटपुटले, पण एका गाण्याला अख्खं स्टेडियम एकदम पिवळं झालं तेव्हा त्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. सवयीने तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली बोटं अंगठ्याखाली दाबलेली. मागची मुलगी म्हणाली, “काका, हात जरा खाली घ्या ना, व्हिडिओत येतोय.” शेजारच्या पोराने आनंदाने तशीच खूण केली, पण अंगठा बाहेर ठेवून. मेटलकाका इथे गप्प बसू शकत नाहीत. अंगठा बाहेर काढला की अमेरिकी खाणाखुणांच्या भाषेत तिचा अर्थ ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असा होतो, हे त्यांनी त्या पोराला ड्रमच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं. पोराला ‘प्रेम आहे’ एवढंच ऐकू आलं आणि तो दोन पावलं सरकून उभा राहिला.

ही खूण रॉनी जेम्स डिओने लोकप्रिय केली. १९७९मध्ये तो ब्लॅक सॅबथमध्ये आला आणि आपल्या इटालियन आजीची सवय त्याने रंगमंचावर नेली. ती बाई वाईट नजर लागू नये म्हणून रस्त्यात अशी बोटं करी. मेटलची ही सैतानी वाटणारी मुद्रा मुळात मीठ-मोहऱ्यांच्या जातीची आहे. काकांच्या आईने नातीच्या बारशातल्या फोटोत लेकाची ती बोटं पाहून “दृष्ट काढतोयस होय रे?” असं विचारलं होतं, तेव्हा घरात तिला कुणी मनावर घेतलं नव्हतं. २०१७ साली ‘किस’ या बँडच्या जीन सिमन्सने या खुणेशी मिळत्याजुळत्या मुद्रेवर ट्रेडमार्क मागितला आणि बोंब झाल्यावर अर्ज मागे घेतला. इटलीतल्या तमाम आज्यांना रॉयल्टी भरावी लागली असती.

पूर्वी काका मान कमरेपासून फेकत. मानेच्या मणक्यांचा एक्स-रे निघाल्यापासून ते डोकं फक्त समेवर हलतं, आणि हलतं तेही डोळे मिटून, उजवा हात किंचित उचलून. सवाईत वडील अगदी अस्सेच बसत. कानांचंही तेच. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासच ऐकावा आणि आवाज शंभरावर गेला तर पंधरा मिनिटांत उठावं, असं अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचं मोजमाप आहे. रॉकचा कार्यक्रम शंभराच्या खाली फारसा उतरत नाही. तरुणपणी घरी परतल्यावर कानांत रात्रभर शिट्टी वाजायची, तिला काका कार्यक्रमाचा प्रसाद म्हणत. आता केमिस्टकडचे फोमचे बोळे असतात. दिवे गेले की ते हळूच कानांत जातात, दिवे यायच्या आत बाहेर येतात. घरात सध्या वडील मशीन लावून गाणं ऐकतात आणि मुलगा बोळे घालून.

दोघांचा शत्रूही एकच निघाला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिवर्धक बंद झाला. शांतता क्षेत्रातल्या रंगभवनातलं रॉक उठलं, सवाईच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलीही आवरत्या घ्याव्या लागल्या. वडिलांचे मध्यरात्रीचे राग गेले, मुलाचं धोबीतलाव गेलं. दोघे एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागले ते या विषयावर. रविवारच्या चहाला आता सरकारला दोष देत तासभर जातो. वडिलांचं म्हणणं, दरबारी कानडा रात्री आठला गायचा तर चहाबरोबर श्रीखंड का नाही? मुलाचं म्हणणं, ज्या संगीताच्या भीतीने आईबाप पोरांना कोंडून ठेवत ते संगीत दहाच्या ठोक्याला, बातम्या लागायच्या वेळी, संपतं. आजी म्हणते, बरं होतं, शेवटची गाडी मिळते.

एवढं सगळं असलं तरी मेटलकाकांचा खरा दरारा ऑफिसातल्या शुक्रवारी. त्या दिवशी टी-शर्ट चालतात आणि नवी पोरं बँडच्या नावाचे टी-शर्ट फॅशन म्हणून घालून येतात. काका त्यांना कॉफी-मशीनपाशी गाठतात. “बरं, यांची तीन गाणी सांग.” बहुतेक जण पहिल्यालाच कोसळतात. निर्वाणा ही कपड्यांची कंपनी आहे असं एकाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

मध्यंतरी टेस्टिंगमधली एक नवी मुलगी आयर्न मेडनच्या टी-शर्टात आली. वय तेवीस. काकांनी परीक्षा घेतली. तिने तीन नव्हे, अकरा गाणी सांगितली, साल आणि ढोलकरी कोण यासह. एका अल्बमचं काकांचं साल दुरुस्त केलं. मग कप धुता धुता म्हणाली, “सर, तुम्ही दोन हजार आठला बीकेसीला होतात ना? लकी आहात. सुरुवात कशी झाली होती हो? ते पहिलं गाणं सुरू होतं तेव्हा नेमकं काय वाटतं?”

काकांनी घड्याळात पाहिलं, “माझा कॉल आहे,” म्हणाले आणि कप तसाच ठेवून निघाले. बीकेसीला पहिली दोन गाणी झाली तेव्हा ते कलानगरच्या सिग्नलला रिक्षात बसून रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून वाद घालत होते, आणि हे आजवर त्यांनी काकूंनाही सांगितलेलं नाही.